खोल समुद्राची नांवनिशी

एखाद्या देशाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम कागदपत्रें शोधतो आणि कागदपत्रांत प्रथम नांवें शोधतो. ज्याचें नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं, त्याचा जन्म, उत्कर्ष व नाश हीं तिन्ही इतिहासाच्या दृष्टीनें न घडल्यासारखींच होत. मनुष्यांच्या बाबतींत जें खरें, तें मुक्या प्राण्यांच्या बाबतींतही खरें आहे. आणि पृथ्वीवर निनावी प्रजेची फार मोठी वस्ती जर कोठें असेल, तर ती खोल समुद्राच्या तळाशीं आहे. या प्रजेची नांवनिशी करण्याचा उद्योग गेलीं दीडशें वर्षें चालला आहे. त्याचा पहिला अध्याय जाळें व भिंग यांचा होता. दुसरा, म्हणजे सांप्रतचा, डी. एन. ए. या आनुवंशिक द्रव्याच्या वाचनाचा आहे. या दोन अध्यायांचा परस्परसंबंध काय, आणि दुसऱ्यानें पहिला रद्द होतो कीं काय, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

छत्रपति संभाजीनगरासारख्या, समुद्रापासून दूर दख्खनच्या पठारावर वसलेल्या शहरांत बसून हा विषय काढणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांत डी. एन. ए. बारकोडिंग व जैवविविधता यांच्या अभ्यासाचें एक केंद्र आहे. त्यास पॉल हेबर्ट यांचें नांव दिलेलें आहे, आणि हेबर्ट हेच या नव्या पद्धतीचे प्रवर्तक होत. शिवाय नांव आणि वस्तु यांच्यांत घोटाळा कसा उत्पन्न होतो, हें या शहरास निराळें सांगावयास नको. २०२३ सालीं शहराचें नांव बदललें. जुन्या दप्तरांत औरंगाबाद आणि नव्यांत छत्रपति संभाजीनगर असें वाचणारा परका मनुष्य एका शहराचीं दोन शहरें मोजील. उलटपक्षीं, औरंगाबाद नांवाचें एक शहर बिहारांतही आहे. हें ज्यास ठाऊक नाहीं, तो दोन शहरांचे कागद एकाच बासनांत बांधील. प्राणिशास्त्राच्या दप्तरांत या दोन्ही प्रकारच्या चुका ठायीं ठायीं आहेत. आणि खोल समुद्रांतील कवचधारी प्राण्यांच्या, म्हणजे कोळंबी, शेवंड, खेकडे व त्यांचे भाऊबंद यांच्या, बासनांत त्या विशेष आहेत.

खोल समुद्रांत जीव आहे, हेंच मुळीं पुष्कळ काळ मान्य नव्हतें. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञानें इजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. जसजसें खोल जावें तसतसे प्राणी विरळ होतात असें त्यास आढळलें, आणि १८४३ च्या सुमारास त्यानें असें अनुमान मांडलें कीं, तीनशें वांवांच्या, म्हणजे सुमारें साडेपांचशें मीटरांच्या खालीं जीवसृष्टि नसावी. अनुमान तर्कास सोडून नव्हतें. तेथें सूर्यप्रकाश पोहोंचत नाहीं, म्हणून वनस्पति नाहींत. थंडी कडक आणि डोक्यावर पाण्याचा प्रचंड भार. परंतु १८६० सालीं भूमध्य समुद्रांतून तारायंत्राची बिघडलेली केबल वर काढली, तेव्हां फोर्ब्सच्या मर्यादेच्या कितीतरी खालीं राहिलेल्या तिच्या भागावर प्राणी चिकटून वाढलेले दिसले. तर्काचा एवढा मोठा बुरुज एका तुटक्या तारेनें पाडला. त्यानंतर १८७२ पासून १८७६ पर्यंत ‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा करून निरनिराळ्या महासागरांच्या तळांतून नमुने आणले. त्यांच्या वर्णनाचे पन्नास खंड प्रसिद्ध होण्यास पुढें १८९५ साल उजाडावें लागलें.

चॅलेंजर हिंदी महासागरांतून गेलें खरें. पण तें आफ्रिकेच्या टोंकाकडून दक्षिणेकडील थंड पाण्यांतून ऑस्ट्रेलियाकडे गेलें. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर त्याच्या वाटेंत आले नाहींत. तें काम दुसऱ्या एका बोटीच्या वांट्यास आलें, आणि ती बोट मुंबईच्या गोदींत बांधलेली होती. तिचें नांव ‘इन्व्हेस्टिगेटर’. मरीन सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें १८७४ सालीं निघालें आणि त्याच्यासाठीं १८८१ सालीं ही लांकडी, चाकांची आगबोट पाण्यांत उतरली. तिचा मुख्य उद्देश विद्येचा नव्हता. व्यापारी व लढाऊ जहाजांस उपयोगी असे किनाऱ्याचे नकाशे करणें आणि पाण्याची खोली मोजणें, हेंच तिचें काम होतें. मात्र बोटीवर जो डॉक्टर नेमावयाचा, तो निसर्गशास्त्र जाणणारा असावा, अशी योजना सरकारनें केली होती. नकाशाचें काम नसेल तेव्हां या ‘सर्जन-नॅचरलिस्ट’नें जाळें टाकावें. विद्येला राज्यकारभाराच्या पानांतून उरलेला घास मिळाला. पण त्या घासावर तिनें जें बाळसें धरलें, तें पाहण्यासारखें आहे.

या पदावर जे गृहस्थ येऊन गेले त्यांत आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांचें नांव अग्रगण्य आहे. १८८८ पासून १८९२ पर्यंत ते बोटीवर होते. पुढें १८९३ पासून १९०६ पर्यंत कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख. पावसाळ्यांत समुद्रावरील काम बंद पडे, आणि ते महिने कलकत्त्यास आणलेले नमुने तपासण्यांत जात. एक जाळें दीड-दोन किलोमीटर खोल सोडावयाचें, तळावरून ओढावयाचें आणि पुन्हा वर घ्यावयाचें, यांत दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. आणि एवढे सायास करून वर काय येईल याचा नेम नाहीं. कधीं नुसता चिखल, कधीं पाय तुटलेली एखादी लाल कोळंबी. अशा तुटपुंज्या सामग्रीवर अल्कॉक यांनीं १९०१ सालीं हिंदुस्थानच्या खोल समुद्रांतील कोळंबी, शेवंड व तत्सम दशपाद प्राण्यांची वर्णनात्मक सूचि प्रसिद्ध केली. तिची बरोबरी करील असा दुसरा ग्रंथ या समुद्राविषयीं क्वचितच सांपडेल. तिच्याबरोबर नांव घ्यावयाचें तें या बोटीच्या प्राण्यांच्या चित्रसंपुटांचें. तीं चित्रें चौधरी व मंडल या बंगाली चित्रकारांच्या हातचीं आहेत, ही गोष्ट सूचि चाळणाऱ्या फारच थोड्यांच्या लक्षांत राहते.

या उद्योगाचा इतिहास प्राण्यांच्या नांवांतच गोठून राहिला आहे. अल्कॉक यांनीं एका कोळंबीस आपले पूर्वाधिकारी जेम्स वुड-मेसन यांच्यावरून ‘हेटेरोकार्पस वुडमेसोनी’ असें नांव दिलें. १९३३-३४ सालीं ‘मबाहिस’ या मिसरी जहाजानें अरबी समुद्राचें संशोधन केलें. त्यासाठीं लागलेला पैसा सर जॉन मरे यांच्या मृत्युपत्रांतून आला, आणि हे मरे तरुणपणीं चॅलेंजरवर होते. मोहिमेचे नायक सीमूर स्यूअल हे पूर्वीं इन्व्हेस्टिगेटरवरील डॉक्टर. त्या मोहिमेच्या कोळंब्यांचें वर्णन करणाऱ्या रमदान या मिसरी शास्त्रज्ञानें १९३८ सालीं एका तांबड्या कोळंबीस ‘अरिस्टियस अल्कॉकी’ व एका शेवंडास ‘प्युएरुलस स्यूअली’ अशीं नांवें दिलीं. आज हे प्राणी केरळच्या बंदरांत टोपल्यांनीं उतरतात आणि परदेशीं रवाना होतात. खोल समुद्रांतील मासेमारी नफ्याची झाल्यापासून अल्कॉकच्या बरणींतले प्राणी बाजाराच्या तराजूंत आले. त्यामुळें कोणती जाति कोणती, हा प्रश्न आतां केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. दोन जाती एका नांवानें मोजल्या, तर त्यांतली एक संपत आली तरी आंकडे तें सांगणार नाहींत.

आतां या पहिल्या अध्यायाची अडचण सांगितली पाहिजे. अल्कॉक व त्यांचे समकालीन प्राण्याची ओळख त्याच्या बाह्य रूपावरून करीत. कपाळावरील करवतीस दांते किती, पायांस सांधे किती, शेपटीचा आकार कसा, हीं लक्षणें विश्वसनीय खरीं. पण तीं नेहमीं पुरीं पडत नाहींत. पिलूं व प्रौढ यांचें रूप निराळें, नर व मादी निराळीं, आणि जाळ्यांतून वर येतांना नेमकीं नाजूक अंगें तुटतात. याहून कठीण गोष्ट अशी कीं, अंधाऱ्या, थंड, एकसारख्या परिस्थितींत राहणारे प्राणी लाखों वर्षें एकमेकांपासून तुटलेले असूनही दिसण्यांत एकसारखेच राहूं शकतात. आमच्या शहरांतील बीबीचा मकबरा दुरून पाहणारास ताजमहालाचीच आठवण होते. पण जवळ जाऊन भिंतीचा दगड व चुना पाहिला म्हणजे घडण निराळी आहे हें कळतें. खोल समुद्रांतील प्राण्यांच्या बाबतींत हें ‘जवळ जाणें’ बाह्य रूपाच्या अभ्यासानें सदैव साधत नाहीं.

‘बॅथिनोमस’ या प्राण्याची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. ओला दगड उलटला असतां खालीं जो अनेक पायांचा, खवल्याखवल्यांचा लहानसा किडा दिसतो, त्याचाच हा समुद्रांतील राक्षसी भाऊबंद. लांबी तीस सेंटिमीटरांहूनही अधिक होते. १८७९ सालीं आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच पंडितानें मेक्सिकोच्या आखातांतील नमुन्यावरून त्यास ‘बॅथिनोमस गायगँटिअस’ असें नांव दिलें. पुढें इन्व्हेस्टिगेटरच्या जाळ्यांतही असाच प्राणी आला. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा असूनही त्यास तेंच नांव मिळालें, आणि त्याच नांवाखालीं १९०८ सालीं लॉइड यांनीं त्याच्या शरीररचनेचें वर्णन कलकत्त्याहून प्रसिद्ध केलें. शंभर वर्षांनीं, २००६ सालीं, लाउरी व डेम्प्सी यांनीं हिंदी व पश्चिम पॅसिफिक महासागरांतील नमुने पुन्हा तपासले तेव्हां असें ठरलें कीं, मूळचें ‘गायगँटिअस’ हें नांव अटलांटिकांतील प्राण्यापुरतेंच खरें. पण कथा तेथें संपत नाहीं. खुद्द मेक्सिकोच्या आखातांत, युकाटनजवळ २०१७ सालीं पकडलेला एक प्राणी ‘गायगँटिअस’ म्हणून जपानच्या एका मत्स्यालयांत ठेवला होता. त्याचा डी. एन. ए. वाचला, शरीराचीं मापें पुन्हा घेतलीं, आणि २०२२ सालीं तो ‘बॅथिनोमस युकाटनेन्सिस’ ही नवी जाति म्हणून जाहीर झाला. ज्या पाण्यांतून या प्रजातीची पहिली ओळख झाली, त्याच पाण्यांत दुसरा प्राणी पहिल्याच्या नांवाखालीं निर्वेध वावरत होता.

हें ज्या वाचनानें कळलें, त्याची रीत थोडक्यांत अशी. प्राण्याच्या पेशींत अन्नापासून शक्ति निर्माण करणारे मायटोकॉन्ड्रिया नांवाचे सूक्ष्म घटक असतात आणि त्यांस स्वतःचा लहानसा डी. एन. ए. असतो. तो चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यांतील श्वसनास आवश्यक अशा एका जनुकाचा सुमारें साडेसहाशें अक्षरांचा तुकडा निवडावयाचा. जनुक आवश्यक असल्यामुळें तो बहुतेक सर्व प्राण्यांत सांपडतो. पण त्यांतील कांहीं अक्षरें बदललीं तरी काम बिघडत नाहीं, म्हणून काळ लोटतो तसे बदल सांचत जातात. एकाच जातीच्या दोन प्राण्यांत हे फरक सहसा थोडे, निरनिराळ्या जातींत पुष्कळ अधिक. कोळंबीच्या पायांतील तांदुळाएवढा मांसाचा कण त्यासाठीं पुरतो. सँगर यांनीं १९७७ सालीं अक्षरें वाचण्याची रीत दिली, मलिस यांनीं १९८३ सालीं एका तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची युक्ति काढली. आणि २००३ सालीं कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनीं असें सुचविलें कीं, सर्व प्राण्यांसाठीं हा एकच ठराविक तुकडा ओळखपट्टी म्हणून घ्यावा. दुकानांतील मालावर काळ्या रेषांची पट्टी असते, तिच्यावरून या पद्धतीस ‘बारकोड’ हें नांव पडलें. अशा पट्ट्यांचा एक सार्वजनिक कोश आहे, आणि कोणत्याही देशांतील अभ्यासकास आपला नमुना त्याच्याशीं ताडून पाहतां येतो.

खोल समुद्राच्या बाबतींत या रीतीनें काय उघड केलें याचें उत्तम उदाहरण ‘युरिथिनीस ग्रिलस’ या प्राण्याचें आहे. पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, पाठीची कमान झालेला हा कवचधारी समुद्रतळावर पडलेल्या कलेवरांवर जगतो. १८२२ सालीं त्याचें नामकरण झालें आणि तेव्हांपासून तो उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत सर्वत्र राहणारा एकच प्राणी मानला जाई. २०१३ सालीं हॅव्हरमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या महासागरांतील नमुन्यांचे डी. एन. ए. ताडले, तेव्हां या एका नांवाखालीं जातीच्या योग्यतेचे निदान नऊ वंश दडलेले दिसले. सुमारें तीन हजार मीटरांची खोली ही त्यांच्यांतील एक सीमा ठरली. म्हणजे वरच्या व खालच्या पाण्यांतले प्राणी दिसावयास सारखे, पण वंशानें परके. आणि गंमत अशी कीं, त्यांतला एक वंश खरोखरच दोन्ही ध्रुवांकडे आढळला. जुन्या पंडितांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. तें नवांपैकीं एकाविषयीं खरें होतें. पुढें २०२० सालीं मारियाना गर्तेंतून, सहा हजारांहून अधिक मीटर खोलीवरून, याच प्रजातीची एक नवी जाति सांपडली. तिच्या पोटांत प्लॅस्टिकचा तंतु निघाला, म्हणून तिचें नांव ‘प्लॅस्टिकस’ ठेवलें. मनुष्यानें त्या प्राण्याला नांव देण्यापूर्वींच मनुष्याचा कचरा त्याच्यापर्यंत पोहोंचला होता.

एवढें पाहून कोणी म्हणेल कीं, मग अल्कॉकची सूचि आतां अडगळींत टाकावी. आमच्या मतें हें म्हणणें अविचाराचें आहे, आणि त्याचीं कारणें या पद्धतीच्या मर्यादांतच आहेत. पहिली मर्यादा अशी कीं, या जनुकाच्या निकामी नकला कधीं कधीं पेशीकेंद्रांत जाऊन बसतात, आणि वाचणारा मूळ समजून नक्कल वाचतो. २००८ सालीं टोळ व गोड्या पाण्यांतील शेवंडासारखे प्राणी घेऊन सॉंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, या नकलांमुळें एका जातीच्या अनेक जाती भासतात. दुसरी मर्यादा अशी कीं, हा तुकडा केवळ मातेकडून येतो. दोन जातींचा संकर झाला असल्यास तो अर्धीच हकीकत सांगतो. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. अक्षरांची पट्टी स्वतः नांव सांगत नाहीं; ती फक्त कोशांतील दुसऱ्या पट्टीशीं जुळते किंवा जुळत नाहीं. खोल समुद्रांतून आलेल्या नमुन्याची पट्टी पुष्कळदां कशाशींच जुळत नाहीं, कारण ज्या प्राण्याचें वर्णन शतकापूर्वीं झालें त्याची पट्टी कोणीं काढलेलीच नसते. जुन्या नमुन्यांतून ती काढणें कठीण. १८९३ नंतर प्रचारांत आलेलें फॉर्मॅलिन शरीराचें रूप उत्तम राखतें, पण डी. एन. ए. ची मोडतोड करतें.

यावर तोड एकच आहे, आणि ती पहिल्या अध्यायाच्या कर्त्यांनींच हातीं ठेवून दिली आहे. प्रत्येक नमुन्याबरोबर त्यांनीं अक्षांश, रेखांश, खोली व तारीख लिहून ठेवली. त्याच जागीं, त्याच खोलीवर पुन्हा जाळें टाकावें, ताजा प्राणी मद्यार्कांत ठेवावा, चौधरी-मंडलांच्या चित्राशीं त्याचा दांता न् दांता ताडावा, आणि मग त्याची पट्टी जुन्या नांवाशीं जोडावी. म्हणजे बरणी, चित्र व पट्टी यांची एकमेकांस साक्ष मिळते. इतिहासाच्या अभ्यासकास हें नवें नाहीं. ताम्रपट कितीही स्पष्ट असला तरी त्यांतील गांव कोणतें हें ठरवावयास भूगोल लागतो, आणि शिलालेखांतील राजा कोणता हें ठरवावयास दुसरा लेख लागतो.

आमच्या विद्यापीठांतील केंद्राच्या कार्यांतही हाच न्याय दिसतो. डॉ. गुलाब खेडकर व त्यांचे सहकारी यांनीं नर्मदेच्या माशांचा जो अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत नदीच्या खोऱ्यांतील सतरा ठिकाणांहून ८२० नमुने गोळा केले होते. प्रथम रूपावरून त्यांच्या ९० जाती ठरविल्या. मग ३१४ पट्ट्या वाचून ८५ जातींची निश्चिति झाली. आणि एकरूप दिसणाऱ्या पण निराळ्या असाव्यात अशा पांच जातींचा संशय आला. रूपाचा दाखला आधीं, अक्षरांचा मागून, आणि दोहोंत विरोध आला तर तेथें पुन्हा तपास, असा हा क्रम आहे. विषय गोड्या पाण्याचा असला तरी शिस्त तीच. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं खोल समुद्रांतील कोळंब्यांसाठीं हीच शिस्त स्वीकारली आहे. नर्मदेवरून जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी. पूर्वींच्या याद्यांत नोंदलेल्या ४३ जाती त्या संशोधनांत सांपडल्या नाहींत. पूर्वींची यादी होती, म्हणूनच हें न सांपडणें कळलें.

या शेवटच्या वाक्यांतच सगळ्या विषयाचें मर्म आहे. हिंदी महासागराच्या मध्यभागीं, पांच हजार मीटर खोलीच्या आसपास, बटाट्याएवढे काळे गोळे तळावर पसरलेले आहेत; त्यांत मँगनीज, निकेल, तांबें व कोबाल्ट असतें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजानें २६ जानेवारी १९८१ रोजीं अशा गोळ्यांचे आपले पहिले नमुने अरबी समुद्रांतून वर आणले. पुढें भारताच्या वांट्यास ७५,००० चौरस किलोमीटरांचें क्षेत्र आलें. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या एकूण क्षेत्रफळाहून तें मोठें आहे. २०२१ सालीं सरकारनें मंजूर केलेल्या खोल समुद्र मोहिमेंत तीन माणसांस सहा हजार मीटर खालीं नेणारें वाहन आणि तेथून खनिज वर काढण्याची यंत्रसामग्री, या दोहोंचा समावेश आहे. हे गोळे दहा लाख वर्षांत कांहीं मिलिमीटर वाढतात. यंत्रानें तळ नांगरला म्हणजे तो पुन्हा पूर्ववत् होण्याची वाट मनुष्यजातीस पाहतां येणार नाहीं. गोव्याच्या संस्थेनें १९९७ सालीं मुद्दाम तळाचा एक लहानसा पट्टा उसकटून त्याचा परिणाम तपासण्यास आरंभ केला, हें दूरदृष्टीचें झालें. पण अशा तपासांत ‘काय नाहींसें झालें’ हें सांगावयाचें असेल, तर ‘काय होतें’ याची यादी आधीं हवी.

पॅसिफिक महासागरांतील अशाच एका प्रदेशाचा हिशेब २०२३ सालीं झाला. तेथें सुमारें ५,५७८ जाती असाव्यात आणि त्यांतील दहांपैकीं नऊ जातींना नांव नाहीं, असा तो अंदाज आहे. त्या निनावी प्रजेंत कवचधाऱ्यांचा भरणा मोठा आहे. धातूची गरज खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. विजेवर चालणाऱ्या गाड्या व साठवणीच्या बॅटऱ्या यांस ती लागते, आणि देशानें आपला हक्क सांभाळावा हेंही योग्यच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या तळावर आपण नांगर घालणार, त्याच्या रहिवाशांची नांवनिशी नांगराच्या आधीं व्हावी. आणि ती करणारीं माणसें, म्हणजे दांता न् दांता मोजणारा रूपज्ञ आणि अक्षर न् अक्षर वाचणारा प्रयोगशाळेंतील अभ्यासक, हीं दोन्ही आपल्या विद्यापीठांतून तयार व्हावींत. आज दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांस यंत्रें व शिष्यवृत्त्या मिळतात, पहिल्या प्रकारचा विद्यार्थी दुर्मिळ होत चालला आहे. नकाशे काढण्यासाठीं बांधलेल्या एका लांकडी बोटीवर एक भिंगवाला डॉक्टर ठेवण्याची बुद्धि १८८१ च्या सरकारास सुचली होती. सांप्रतच्या मोहिमेंत त्या डॉक्टराची जागा रिकामी राहूं नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे.